लळिंगचा किल्ला: रोज दिसणारा, तरी न वाचलेला

पांझराकाठ

खानदेशातल्या किल्ल्यांवर आपल्याकडे फार कमी लिहिलं जातं. सह्याद्रीतल्या गडांवर धाग्यांमागून धागे येतात आणि ते यायलाच हवेत. पण धुळ्याच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाच्या डोक्यावर उभा असलेला लळिंग रोज हजारो माणसं गाडीच्या काचेतून बघतात आणि "वर काही नाही, पडका आहे" म्हणून पुढे निघून जातात. मला हे मनापासून खटकतं. पडका आहे हे खरंच. पण दोनशेहून जास्त वर्षं टिकलेलं फारूकींचं राज्य ज्या दोन ठाण्यांवर उभं राहिलं, त्यातलं एक थाळनेर आणि दुसरं हे लळिंग. हा किल्ला कशासाठी होता आणि दगडांवरून ते कसं कळतं, हे मांडावं म्हणून हा धागा काढतोय.

आधी इतिहास. 1370 मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारूकी याला थाळनेर आणि करवंदचा मुलूख जहागीर दिला. दोन्ही गावं आजच्या शिरपूर तालुक्यातली. दिल्लीची पकड सैल होत गेली तसा हा जहागीरदार स्वतःच्या नावाने कारभार करू लागला. 1399 मध्ये तो वारला आणि राज्य दोन मुलांत वाटलं गेलं. थोरल्या नासीरकडे लळिंग आलं, धाकट्या इफ्तिखारकडे थाळनेर.

नासीर लळिंगवर थांबणारा नव्हता. असीरगडावर आसा अहीर नावाचा बडा गुराखी सरदार होता. शत्रू चालून येताहेत, बायकामुलांना गडावर आसरा द्या, असा निरोप नासीरने त्याला धाडला. डोल्या वर गेल्या. त्यात बायका नव्हत्या, हत्यारबंद शिपाई होते. जुन्या तवारिखांत ही गोष्ट अशीच येते. असीरगड हाती आल्यावर त्याच्या दक्षिणेला तापीच्या काठी नासीरने बुऱ्हाणपूर वसवलं. 1417 मध्ये माळव्याच्या सुलतानाची मदत घेऊन भावाचं थाळनेरही घेतलं. राज्य एक झालं, राजधानी तापीच्या वरच्या अंगाला गेली आणि लळिंग मागे पडलं.

पण म्हातारपणी हाच नासीर पुन्हा लळिंगला आला, तो हरून. त्याची मुलगी बहामनी घराण्यातल्या अलाउद्दीन अहमदला दिली होती. संगमेश्वरच्या राजाची मुलगी त्या जनानखान्यात आल्यावर आपली अवहेलना होते, अशी तक्रार तिने बापाकडे केली. नासीरने वऱ्हाडावर स्वारी केली. बहामनींकडून खलफ हसन, म्हणजे मलिक-उत्-तुज्जार, चालून आला. रोहिणखेडच्या घाटात फारूकी फौज मोडली, बुऱ्हाणपूर लुटलं गेलं, जाळलं गेलं आणि नासीर मागे हटत हटत लळिंगच्या आश्रयाला आला. इथेही लढाई झाली, इथेही हार झाली. 1437 मध्ये तो मेला. हाच मलिक-उत्-तुज्जार पुढे विशाळगडाच्या रानात शिर्क्यांच्या डावात सापडून फौजेसकट कापला गेला, ती गोष्ट आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक असते. त्याच सरदाराने त्याआधी धुळ्याच्या उंबऱ्यावर एका राजाचा शेवट केला होता, हे मी तरी शाळेत कधी ऐकलं नाही.

आता किल्ला. लळिंग समजायला आधी खालचा रस्ता बघावा लागतो. उत्तरेकडून सेंधव्याचा घाट उतरून येणारी वाट तापी ओलांडते, सोनगीरवरून धुळ्याला येते, पांझरा ओलांडते आणि लळिंगच्या बारीतून, म्हणजे खिंडीतून, मालेगाव, चांदवड, नाशिककडे जाते. आज जिथून ट्रक जातात तिथूनच शेकडो वर्षं लमाणांचे बैल, व्यापाऱ्यांचे तांडे आणि फौजा गेल्या. माळव्यातून दख्खनेत उतरणाऱ्याला ही बारी टाळून जायचं तर लांबचा वळसा. बारी ज्याच्या ताब्यात, जकात त्याची आणि खबरही आधी त्यालाच. म्हणून तटावरून उत्तरेला पांझरेचं सगळं खोरं मोकळं दिसतं आणि दक्षिणेला बारीची वाट. हौसेने बांधलेला हा महाल नाही, वाटेवरची चौकी आहे, आणि सगळी बांधणी त्याच हिशेबाने आहे.

पायथ्याच्या गावात महादेवाचं जुनं हेमाडपंती मंदिर आहे. वर चढायच्या आधी तिथे थांबाच. चुन्याशिवाय एकावर एक बसवलेले घडीव दगड, खांबांवरचं काम. फारूकी यायच्या आधी इथे वस्ती होती आणि असं देऊळ बांधण्याइतकी ऐपत होती, हे त्या मंदिरावरून कळतं.

वाटेत आणि माथ्यावर पाण्याची खोदीव टाकी लागतात. माझ्या मते लळिंगचं सगळ्यात मोठं काम तटबंदी नाही, ही टाकी आहेत. मे महिन्यात खानदेशात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. उघड्या तळ्यातलं पाणी त्या उन्हात बघता बघता उडून जातं. म्हणून टाकं कड्याच्या पोटात आडवं खोदायचं, तोंड लहान ठेवायचं आणि छत खाली येऊ नये म्हणून मधे मूळ कातळाचेच खांब राखायचे. याला खांबटाकं म्हणतात. सावलीत पाणी थंड राहतं आणि उन्हाळाभर पुरतं. तोंडाशी ओणवं होऊन आतल्या भिंतीवर तिरका उजेड पडू द्या. छिन्नीचे घाव एकाच दिशेला, सारख्या अंतरावर, ओळीने उतरलेले दिसतात. कोपऱ्यात पोचल्यावर पाथरवटाने हात बदलला की घावांचा कलही बदलतो. टाक्याच्या तोंडाशी वाहून येणाऱ्या पाण्यासाठी उथळ पन्हळ असते आणि गाळ खाली बसावा म्हणून छोटा खळगा. यात शोभेचं काहीच नाही, आणि म्हणूनच मला ते इतकं आवडतं.

दुसरी गोष्ट, टाकं हीच खाण. आतून निघालेला दगड फेकायचा नाही, तोच तटाला वापरायचा. पाणीही साठलं आणि दगड वाहून आणायचे कष्टही वाचले.

तट दोन पदरी असतो. बाहेरून घडीव दगड, आत दगडगोटे आणि चुन्याचा भराव. बाहेरचा पदर शाबूत आहे तोवर भिंत हटत नाही. पण घडीव दगड घरं बांधायला कुणी काढून नेले, किंवा पिंपळाचं मूळ सांध्यात शिरलं, की पावसाचं पाणी भरावात उतरतं आणि दोन-चार पावसाळ्यांत आख्खी फळी बाहेर पडते. लळिंगवर दोन्ही अवस्था शेजारी शेजारी बघायला मिळतात. पडक्या दरवाज्यांशी उभे राहाल तेव्हा उंबऱ्याजवळ दाराचा खुंटा फिरायची गोल उखळी आणि बाजूच्या भिंतीत अडसर सरकवायची चौकोनी खोबण शोधा. लाकूड गेलं, लोखंड गेलं, पण दार किती रुंद होतं आणि कुठल्या बाजूला उघडायचं, हे त्या दोन खुणांवरून काढता येतं.

वर देवीचं मंदिर आहे, घुमटी छताची एक इमारत आहे, पडक्या वाड्यांची जोती आहेत. त्यांच्याबद्दल गावातल्यांनी आणि जाणकारांनी भर घालावी.

जिभाऊ_लळिंगकर

भाऊ, भलतं भारी लिखं तुम्ही. आमना गावना किल्ला शे. बठा लोके हायवेवरतीनच दखतस, वर कोनी येत नही.

आते मराठीमा लिखस, म्हणजे सगळ्यांना कळेल. वरच्या देवीला आमच्या गावची माणसं नवरात्रात जातात. म्हाताऱ्या बायाही हळूहळू चढतात, त्यामुळे वाट अवघड आहे असं कुणी समजू नये. पावसाळ्यानंतर कुरणात गवत माणसाच्या कमरेइतकं होतं. तेव्हा काठी आपटत चालावं, जनावर असतं, म्हणजे साप. आमच्या वाडवडलांनी टाक्यांचं पाणी प्यालेलं आहे. आता त्यात बाटल्या टाकून जातात लोक. तेवढं जरा लिहा भाऊ, तुमचं वाचून कुणी आलं तर कचरा खाली न्यावा.

कोटबुरूज

चांगला लेख. एका मुद्द्यावर मात्र मतभेद नोंदवतो. लळिंग "फारूकींचा किल्ला" असं सरसकट म्हटलं जातं, ते मला पटत नाही. खोदीव टाकी आणि खालचं हेमाडपंती मंदिर बघितलं तर ही जागा यादवांच्या काळापासून वापरात असणार. मलिक राजाने मोकळ्या डोंगरावर येऊन पहिला दगड बसवला, असं चित्र उभं राहायला नको.

पांझराकाठ

@कोटबुरूज, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि आपल्यात फार अंतर नाही. खानदेशात कातळ कोरायची परंपरा फारूकींच्या हजार-दीड हजार वर्षं आधीची आहे. चाळीसगावजवळचं पितळखोरं इसवी सनाच्या आधीचं, अजिंठाही इथून काही परदेशात नाही. तेव्हा कातळात पाणी साठवायची विद्या कुणी बाहेरून आणलेली नाही. पण म्हणून फारूकींचं नाव पुसायचंही कारण नाही. डोंगर जुना, टाकी त्यांच्या आधीची मानू, पण या जागेवरून एक राज्य चालवलं ते त्यांनी. किल्ला कुणा एकाचा नसतो. जो येतो तो आधीच्याचं पाणी पितो आणि आपला तट चढवतो. थर वेगळे करून बघायचे तर दगडाचा आकार, चुन्याचा वापर आणि कमान आहे की आडवी पट्टी टाकली आहे, या तीन गोष्टी बघाव्यात. आडव्या पट्टीचं काम जुन्या देशी पद्धतीचं, आणि चुन्यात बसवलेली टोकदार कमान मुसलमानी अमदानीतली. मात्र मराठ्यांनीही पुढे चुन्याच्या कमानी भरपूर बांधल्या, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये.

कातळवेडी

भूशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून थोडी भर. टाकी कुठेही खोदता येत नाहीत. आपला बसाल्ट लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे आणि सगळे थर सारखे नसतात. एक थर घट्ट, काळा, घणाला दाद न देणारा. दुसरा मांजऱ्या खडकाचा, त्यात वायूच्या पोकळ्या आणि पांढरे स्फटिक भरलेले. हा तुलनेने मऊ असतो आणि सलग असला तर फटी कमी, म्हणून पाणी धरतो. दोन थरांच्या मधे कधी गेरूसारखी लाल पट्टी सापडते. वरच्या थरातल्या भेगांतून झिरपलेलं पाणी अशा सांध्याशी अडतं आणि कड्यातून बाहेर येतं. जुन्या पाथरवटांनी ती ओल हेरूनच टाक्याची जागा धरलेली असते. कुठल्याही गडावर बघा, टाकी साधारण एका पातळीवर ओळीने सापडतात. त्यामागे हे कारण असतं.

धुळे-नंदुरबारचं आणखी एक वैशिष्ट्य आहे, ते किल्ले बघणाऱ्यांनी जरूर बघावं. या भागात जमिनीतून उभ्या भेगांत लाव्हा घुसून घट्ट झालेला आहे. आजूबाजूचा खडक झिजला की तो काळ्या भिंतीसारखा मैलोन्मैल उभा राहतो. यांना डाइक म्हणतात आणि तापीच्या खोऱ्यात त्यांचा मोठा समूह आहे. बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात. साक्रीच्या रस्त्याने जाताना "इथे कुणी तटबंदी बांधली?" असं लोक विचारतात, ती कित्येकदा डाइक असते. भामेरच्या किल्ल्याला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून जावं. तिथे माणसाने कापलेला कातळ आणि निसर्गाने उभा केलेला कातळ शेजारी शेजारी आहे.

पांझराकाठ

@कातळवेडी, ताई, हे फार मोलाचं आहे. भामेरचा उल्लेख केलात म्हणून सांगतो, तेही वाटेवरचंच ठाणं. साक्री तालुक्यातलं हे गाव गुजरातकडे उतरणाऱ्या जुन्या वाटेजवळ आहे. तिथे कातळ छिन्नीने कापून केलेली प्रवेशाची वाट आणि डोंगराच्या पोटातली खोदीव दालनं बघून मी थक्क झालो होतो. गावातून चालताना उंबऱ्याला, ओट्याला, गोठ्याच्या भिंतीला जुने कोरीव दगड लावलेले दिसतात. सगळ्या गावानेच किल्ल्याचे दगड अंगावर घेतले आहेत.

बुऱ्हाणपूरकर

आमच्याकडचं थोडं. बुऱ्हाणपूर आता मध्य प्रदेशात आहे, पण आमच्या घरात अजून खानदेशी मराठीच बोलतात, म्हणून हक्काने लिहितो.

लळिंगचा मोठा भाऊ म्हणजे असीरगड. बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला सुमारे वीस किलोमीटर. सातपुड्याच्या रांगेतून नर्मदेकडून तापीकडे येणारी वाट तो धरून बसला आहे, म्हणून त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. एकात एक तीन तट आहेत: सगळ्यात वर असीरगड, मग कमरगड, खाली मलयगड. माथ्यावर फारूकींची जामा मशीद आहे आणि त्याच गडावर गुप्तेश्वर महादेवाचं मंदिर. तिथे अश्वत्थामा रोज पहाटे फूल वाहून जातो, असं आमच्याकडे घरोघरी सांगतात.

वाचकांनी शहरातली जामा मशीदही बघावी. राजा अली खान फारूकीने बांधलेल्या या मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे. तोही आत, मुख्य भिंतीवर. त्या घराण्याबद्दल कुठलंही मत बनवायच्या आधी तो दगड बघून यावा, एवढंच माझं म्हणणं.

1601 च्या जानेवारीत अकबराने असीरगड घेतला आणि फारूकींचं राज्य संपलं. वेढा महिनोन्‌महिने चालला होता. तोफांनी गड पडला नाही. आत रोगराई पसरली, बहादूरशाह फारूकी वाटाघाटीसाठी खाली आला तो परत जाऊ शकला नाही, आणि मग गड हाती आला. पुढे 1819 च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी तो शिंद्यांच्या किल्लेदाराकडून घेतला.

गिरणेचा_पोर

चाळीसगावकडून नमस्कार. तुमच्या यादीत कण्हेरगडही येऊ द्या. पाटणादेवीच्या वरचा डोंगर. पोटात नागार्जुन गुंफा, सीता न्हाणी ही लेणी आहेत. खाली पाटण्यात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, असं त्यात कोरलेलं आहे. गणिताच्या शाळेला राजाश्रय मिळाल्याचा दगडी कागद आपल्या खानदेशात आहे, हे आपल्याच पोरांना ठाऊक नसावं याचं वाईट वाटतं.

एक प्रश्न. शिवाजी महाराजांचा लळिंगशी काही संबंध येतो का? दरवेळी सोबतची मुलं हेच विचारतात.

पांझराकाठ

@गिरणेचा_पोर, मुलांना असं सांगा. महाराजांच्या काळात खानदेश हा मुघलांचा श्रीमंत सुभा होता. बुऱ्हाणपूर ही दख्खनच्या मुघल कारभाराची मोठी पेठ आणि सुरतेचा माल याच मुलखातून जायचा. म्हणून मराठे इथे गड घ्यायला नाही, पेठा मारायला आले. 1670 मध्ये सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर मराठी फौज बागलाण-खानदेशातून वऱ्हाडात कारंज्यापर्यंत गेली. 1679 मध्ये धरणगाव आणि चोपडा लुटले गेले. धरणगावला तेव्हा इंग्रजांची वखार होती, कापड मिळायचं म्हणून. आणि 1681 च्या सुरुवातीला, संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, हंबीरराव मोहित्यांनी बुऱ्हाणपूरच्या बाहेरचा बहादूरपुरा लुटला.

या प्रत्येक मोहिमेत वाटा महत्त्वाच्या होत्या. लळिंगला त्या गोष्टींत ओढून बसवायची गरज नाही. त्याचा स्वतःचा इतिहास पुरेसा मोठा आहे.

1752 मध्ये भालकीच्या तहाने खानदेशातला निजामाचा मुलूख पेशव्यांकडे आला. पुढे शिंदे-होळकरांच्या भांडणात आणि पेंढाऱ्यांच्या धुमाकुळात हा प्रांत भरडला गेला. त्यात 1803-04 चा दुष्काळ. गावंच्या गावं ओस पडली.

शिरपूरची_माहेरवाशीण

थाळनेरचं नाव आलं आणि राहवलं नाही. माझं आजोळ तिथलं. तापीच्या काठावर उंच दरडीवर किल्ला आहे, म्हणजे होता. नदीच्या अंगाला बुरूज आणि भिंतीचे तुकडे राहिले आहेत. सुरतेहून नवापूर, नंदुरबार करत येणारी वाट थाळनेर, चोपडा, रावेरवरून बुऱ्हाणपूरला जायची. सतराव्या शतकातले फिरंगी प्रवासीही याच वाटेने गेले.

गावाबाहेर फारूकी राजांच्या कबरी आहेत, आमच्याकडे हजिरे म्हणतात. मलिक राजा तिथेच आहे, आणि लळिंगला मेलेला नासीरही तिथेच पुरला. त्यातला एक हजिरा अष्टकोनी आहे. त्याच्या भिंतींवरची नक्षी हाताने चाचपून बघावी अशी आहे, पण हात लावू नका, दगड पापुद्र्यासारखा सुटतो.

आणि 1818. 27 फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉपची फौज थाळनेरला आली. होळकरांनी तहात किल्ला देऊन टाकला होता, पण किल्लेदार तुळशीराम मामा खाली करायला तयार नव्हता. बोलणी चालू असताना दरवाज्यात गोंधळ झाला आणि दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. मग आतल्या सगळ्या शिबंदीची कत्तल झाली. अडीचशे-तीनशे माणसं. किल्लेदाराला फाशी दिलं. खुद्द विलायतेतही या प्रकारावर प्रश्न विचारले गेले. आजीच्या तोंडून मामाचं नाव मी लहानपणापासून ऐकत आले. गावात त्याच्या नावाची साधी पाटी असावी, असं मला फार वाटतं.

पांझराकाठ

@शिरपूरची_माहेरवाशीण, ताई, तुमच्या या पोस्टसाठी धाग्याचं चीज झालं.

थाळनेरनंतर बाकीचे किल्ले फारसा प्रतिकार न करता गेले. अपवाद मालेगावचा. तिथे अरब शिबंदी मे-जून 1818 मध्ये जवळजवळ महिनाभर लढली आणि 13 जूनला किल्ला पडला. मग कॅप्टन ब्रिग्ज खानदेशचा पहिला इंग्रज अधिकारी म्हणून आला. त्याने मुख्य ठाणं धुळ्याला केलं, कारण तेच: धुळे आग्र्याच्या वाटेवर. डोंगरी किल्ले पुन्हा कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून या पट्ट्यातल्या कित्येक किल्ल्यांचे दरवाजे आणि पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या गेल्या. आपण ज्याला "पडका" म्हणतो त्यातलं बरंचसं असं मुद्दाम पाडलेलं आहे.

आणि वाट तरीही शांत झाली नाही. सेंधव्याच्या घाटाची राखण इंग्रजांकडून पगार घेऊन करणारा खाज्या नाईक 1857 मध्ये उलटला. त्या नोव्हेंबरात त्याच्या भिल्लांनी याच आग्रा रोडवर सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. किल्ले पाडता आले, बारी आणि घाट कुठे पाडणार?

कोटबुरूज

लळिंगच्या परिसरातली एक जागा राहिली. किल्ल्याजवळच्या रानात लांडोर बंगला आहे. 31 जुलै 1937 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आले होते, तेव्हा ते तिथे थांबले. त्या आठवणीसाठी दरवर्षी 31 जुलैला तिथे मोठी यात्रा भरते. दूरदूरच्या जिल्ह्यांतून माणसं येतात. लळिंगचा इतिहास लिहिताना हे पान सुटता कामा नये. आज या डोंगरावर सगळ्यात जास्त माणसं येतात ती त्या दिवशी.

पांझराकाठ

@कोटबुरूज, अगदी बरोबर. पावसाळ्यात ते रान हिरवंगार असतं, त्या दिवशी जायला मिळालं तर जरूर जावं.

कातळवेडी

एक गोष्ट विचारायची होती. दुसऱ्या एका किल्ल्यावर उत्साही मंडळींनी टाक्याभोवतीच्या भिंतीला सिमेंट लावलं आणि बुरुजाला ऑइलपेंट. हेतू चांगला होता, पण बघून पोटात कालवलं. लळिंगवर असं काही झालंय का?

पांझराकाठ

तसं होऊ नये म्हणूनच तुमच्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो. जुन्या भिंतीतला चुना ओल शोषतो आणि सोडतो. वरून सिमेंट मारलं की ओल आत कोंडते, क्षार दगडाच्या पृष्ठावर फुटतात आणि सिमेंटचा पापुद्रा दगडाचा तुकडा घेऊनच पडतो. रंगाचंही तेच. दुरुस्ती करायची तर चुन्यातच, आणि तीही पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने. केंद्राचा 1958 चा आणि राज्याचा 1960 चा असे दोन कायदे यासाठी आहेत. संरक्षित वास्तूला विनापरवाना हात लावणं गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. हौसेने करण्यासारखं काम पुष्कळ आहे: तटात उगवलेली पिंपळाची रोपं लहान असतानाच वाढ थांबवायची म्हणून खात्याला कळवणं, प्लास्टिक उचलणं, टाक्यांची मापं घेऊन, फोटो काढून नोंद ठेवणं. मोठं झालेलं मूळ मात्र कुणी उपटू नये, त्याच्याबरोबर भिंतच येते.

टाक्यांच्या नोंदीचं काम मला सगळ्यात निकडीचं वाटतं. पाण्याची ही सगळी समज नुसती डोंगरावर नव्हती. खाली पांझरेवर बंधारे घालून, पाट काढून, गावाची जमीन फडांत वाटून पाळीपाळीने पाणी द्यायची फड पद्धत याच खोऱ्यात शेकडो वर्षं चालली. या बंधाऱ्यांचं श्रेय परंपरा मुसलमानी राजवटीला देते. वरचं टाकं आणि खालचा फड एकाच माणसांच्या हातचे म्हणून बघितले, तर या मुलखाचा इतिहास लढायांपुरता राहत नाही.

गिरणेचा_पोर

मग पुढच्या महिन्यात मुलांना घेऊन येतो. शाळेतली सातवी-आठवीची मुलं आहेत. कसं करू?

जिभाऊ_लळिंगकर

या की दादा. दिवाळीनंतर या, गवत कापलेलं असतं आणि ऊनही सोसतं. सकाळी लवकर चढायला लागा, दुपारच्या आत खाली या. पाणी घरून आणा, टाक्यातलं पिऊ नका. मुलांना टाक्याच्या तोंडाशी एकेकटं सोडू नका, शेवाळ असतं, पाय सटकतो. आधी महादेवाच्या देवळाशी या, तिथून गावातला कुणीतरी पोऱ्या सोबत देतो. खाली आल्यावर आमच्याकडे कळण्याची भाकरी आणि भरीत. किती मुलं ते दोन दिवस आधी कळवा म्हणजे झालं.

पांझराकाठ

@गिरणेचा_पोर, मीही येतो. मोजपट्टी आणि वही आणा. मुलांच्या जोड्या करू आणि एकेका जोडीला एकेक टाकं देऊ: लांबी, रुंदी, खांब किती, पाणी किती, तोंड कुठल्या दिशेला. परतताना सोनगीर घेऊ. टेकडी लहान आहे, वर खोल विहीर आहे आणि खाली गावात तांब्या-पितळेची भांडी घडवणारी घरं आहेत.